तिजेच्या टोपल्या आणि चॅपेलमधले मोठे बाक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर उत्तर शोधावे लागत नाही. आमच्या तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. आईवडिलांचे ऋण वेगळे, ते असे बोलून दाखवायचे नसते. पण बीड जिल्ह्यातल्या एका बंजारा तांड्यावरचा, दिवाळीनंतर आईवडिलांच्या मागे ऊसतोडीला जाणारा मुलगा आज जर्मनीत बॉबलिंगेनच्या एका कंपनीत गाड्यांच्या चाचण्यांचे सॉफ्टवेअर लिहितो, हे गुरुजींवाचून घडले नसते. आमच्या घरात दहावी झालेला मी पहिला आणि पदवी घेतलेलाही मीच पहिला.

गुरुजी सातारा जिल्ह्यातले. तांड्यावर बदली झाली तेव्हा पंचविशीत असतील. आम्ही मुले घरी गोरमाटी बोलायचो, मराठी आम्हाला बाजारापुरती यायची. गुरुजी पहिलीचे पुस्तक वाचायचे आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. आधीच्या मास्तरांनी यावर छडी हा उपाय काढला होता. हे गुरुजी संध्याकाळी म्हाताऱ्यांत येऊन बसू लागले आणि आमची भाषा शिकू लागले. पुढे ते आधी गोरमाटीत गोष्ट सांगत, मग तीच मराठीत. आईवडील ऊसतोडीला गेले की मला आपल्या खोलीत ठेवून घेत. त्यांच्या हातची भाकरी फार जाड व्हायची. मी तोंड वाकडे केले की म्हणायचे, "तुझी याडी येईपर्यंत हीच गोड मान." याडी म्हणजे आई.

गुरुजी आता निवृत्त होऊन गावी असतात. दोन वर्षांपासून त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र लिहितो. यंदा मात्र त्यांना असे एक पत्र लिहिले की जे फार पूर्वीच लिहायला हवे होते. ते आत्ताच का लिहिले, हे सांगायचे तर आमच्या ओमाच्या घरापासून सुरुवात करावी लागेल.

ओमा म्हणजे आजी. माझ्या घरमालकिणीला सगळी गल्लीच ओमा म्हणते. तिचे घर बॉबलिंगेनजवळच्या एका लहान गावात आहे. खाली ती, वर एका खोलीत मी, आणि शेजारी दोन रिकाम्या खोल्या. घराचे कायदे ओमाचे. त्यांतला पहिला केरवोखेचा. ती या श्वाबेन भागातली जुनी रीत आहे. लाकडी पाटी ज्याच्या दारावर टांगली असेल त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा आणि घरासमोरचा फुटपाथ झाडायचा. पहिल्या खेपेला मी रविवारी बादली घेऊन निघालो तर ओमा दारात उभी.

"हे शनिवारी करतात. रविवारी देव बघत असतो."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी शेजारी बघतात."

गेल्या फेब्रुवारीत रिकाम्या खोल्यांत ओमाचा मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात तीन महिन्यांसाठी राहायला आली. मुलगा पूर्वी सुतारकाम करायचा, नंतर धर्मशिक्षण घेऊन पाळक झाला. इकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारतो, पण लिहिताना हात तसा चालत नाही. म्हणून इथे त्यांना पाळक म्हणतो. त्यांच्या पत्नीला मी मनातल्या मनात वहिनी म्हणत असे, तेच इथेही लिहितो.

गावातल्या त्यांच्या छोट्या मंडळीने, म्हणजे चर्चने, चार वर्षांपूर्वी या कुटुंबाला वेल्समध्ये मिशनरी म्हणून पाठवले होते. वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. तिथल्या लोकांची इंग्रजीहून पार वेगळी, स्वतःची जुनी भाषा आहे. ज्या खोऱ्यात हे गेले तिथे छपरांच्या काळ्या दगडाच्या खाणी होत्या. खाणी बंद पडल्या, तरुण माणसे निघून गेली, आणि गावातले चॅपेल, म्हणजे साधे प्रार्थनाघर, कुलूप लागून पडले. त्याच चॅपेलमध्ये नव्याने एक लहानशी मंडळी उभी करायची, असे काम त्यांना दिले होते.

आमच्या मराठी मंडळातल्या एका मित्राला हे कळले तेव्हा तो म्हणाला, "मिशनऱ्यांच्या शेजारी राहतोस? गणपतीला येशील ना बाबा, की नाताळलाच भेट?" मी हसलो, पण मनात एक अढी होती. बाहेरून येऊन 'तुमचे सगळे चुकीचे' असे सांगणारी माणसे तांड्याने पुष्कळ पाहिली आहेत. शेवटी एका संध्याकाळी ओमाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता मी विचारलेच, "तुम्ही तिथे लोकांना बदलायला जाता ना?"

पाळकांच्या आधी ओमाच बोलली. "आधी स्वतःचे मोजे जागेवर ठेवायला शिकू दे. मग लोकांचं बघू."

पाळक हसले. मग म्हणाले, "गेलो तेव्हा मनात तसंच होतं. खोटं कशाला सांगू. आता रविवारी दार उघडतो, हीटर लावतो, आणि त्यांची गाणी त्यांच्या भाषेत त्यांच्याबरोबर म्हणतो. माझा विश्वास मी लपवत नाही. पण ते घर माझ्या आधीपासून त्यांचं आहे."

वहिनी तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत. भाषा तिथेच शिकल्या. "ताटं धुताना शिकले," त्या म्हणाल्या. "म्हणून मला झारा, कढई, बटाटा आधी यायला लागलं. स्वर्ग वगैरे फार उशिरा." त्यांची मुलगी आईशी वेल्शमध्येच बोले. ओमाने जर्मनमध्ये काही विचारले की आधी वेल्शमध्ये उत्तर यायचे, मग जीभ चावून जर्मनमध्ये. जेवणाआधी तिघे मिळून त्या भाषेत दोन ओळी गात, प्रत्येकाचा सूर वेगळा आणि तरी जुळणारा. तिथे उपासनेत सगळे असेच गातात म्हणे, म्हाताऱ्या माणसांना आपला आपला सूर लहानपणापासून पाठ असतो. मला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. पण ती मुलगी जिन्यावरून "माम" म्हणून हाक मारी तेव्हा मला "याडी" ऐकू आल्यासारखे व्हायचे.

हे कुटुंब नुसते सुट्टीला आलेले नव्हते. मार्चच्या शेवटच्या रविवारी पाळकांना मंडळीपुढे चार वर्षांच्या कामाचा अहवाल द्यायचा होता आणि त्यानंतर मंडळीचे पाच वडील, म्हणजे तिचा कारभार बघणारे जुनेजाणते सभासद, ठरवणार होते की यांना पुन्हा त्या खोऱ्यात पाठवायचे की नाही. चार वर्षांत चौदा माणसे जमली होती, त्यांतली नऊ सत्तरीपुढची. वडिलांपैकी काहींचे मत होते की यांना इंग्लंडमधल्या एका मोठ्या शहरात पाठवावे. तिथे इंग्रजीत काम सोपे, तरुण पुष्कळ. तसे झाले तर चॅपेलला पुन्हा कुलूप लागणार, हे पाळकांना माहीत होते.

ओमाला ते शहर पसंत होते. एकदा भांडी पुसताना मला म्हणाली, "तिथून स्टुटगार्टला थेट विमान आहे. त्या डोंगरातून यायचं म्हणजे दीड दिवस. दोन आगगाड्या, एक बस, आणि बस चुकली की संपलं." मग ताट पुन्हा एकदा पुसून म्हणाली, "हे त्याला सांगू नकोस."

अहवालाच्या आठवड्यात पाच वडिलांपैकी एकाचे पत्र आले. हे गृहस्थ गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मोजूनमापून बोलणारे. पाळक वेल्सहून मंडळीला वार्तापत्रे पाठवत, त्यांतल्या दोन जुन्या अंकांतले फोटो त्यांनी शेजारी शेजारी चिकटवले होते. पहिल्या फोटोत चॅपेलमध्ये व्यासपीठासमोर मोकळी जागा, सतरंज्या आणि मुले. वर्षभरानंतरच्या फोटोत त्याच जागी एक मोठे गोलाकार लाकडी बाक. खाली त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले होते, "जागा मोकळी केली आणि पुन्हा अडवली. हे एक वर्ष कशात गेले, ते रविवारी ऐकायला आवडेल."

पाळकांनी पत्र वाचून खिशात घातले. त्या दिवशी त्यांनी जेवणाआधी गायले नाही.

शनिवारी केरवोखेची पाटी माझ्या दारावर होती. मी वरची पायरी पुसत असताना पाळक दुसरे फडके घेऊन आले आणि खालच्या पायरीपासून पुसू लागले. मध्यावर आम्ही भेटलो, तेव्हा ते पायरीवर बसले.

"वार्तापत्रात मी काय लिहिलं होतं, माहिती आहे? 'हिवाळ्यात सभागृहाचं नूतनीकरण पूर्ण झालं.'"

"मग झालं नव्हतं?"

"मी मोडलं होतं ते परत जोडलं. त्याला नूतनीकरण म्हटलं."

मग त्यांनी सगळे सांगितले. वेल्सच्या चॅपेलमध्ये व्यासपीठाच्या पायाशी एक मोठे बाक असते. मंडळीतले जुनेजाणते त्यात, लोकांकडे तोंड करून बसतात. या चॅपेलमधले बाक खाणीतल्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः बनवलेले होते. पाळक तिथे गेले तेव्हा ते रिकामेच असे, कारण त्यात बसण्याचा मान असलेला कोणी उरला नव्हता. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या सुताराच्या डोळ्याला दिसली ती फक्त वाया जाणारी जागा. मुलांना बसायला सोय होईल म्हणून त्यांनी ते काढायचे ठरवले.

"तुम्ही कुणाला विचारलं नाही?"

"किल्ल्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तुमचंच आहे आता, करा हवं तसं. आणि टोपी हातात घेऊन तिथंच उभा राहिला. मी तेवढ्यात करवत आणायला गेलोसुद्धा. थांबलो असतो तर कळलं असतं."

बाक दारातून जाईना म्हणून त्यांनी त्याची वळणाची पट्टी तीन ठिकाणी कापली. फळ्या गावात वाटून टाकल्या, काही एकाला कोंबड्यांच्या खुराड्यासाठी दिल्या. पुढच्या रविवारी ऐंशीच्या घरातली एक बाई नेहमीप्रमाणे आली, दारात थांबली, जागेवर बसली, पण गायली नाही. त्यानंतर ती आलीच नाही. तिच्यामागून आणखी तीन माणसे यायची बंद झाली. भांडण नाही, तक्रार नाही. रस्त्यात भेटली की हवापाण्याचे बोलत. पुढे शाळेत भांडी धुताना वहिनींना कोणी तरी सांगितले की त्या बाईचे आजोबा आणि वडील दोघेही त्या बाकात बसलेले. दर शनिवारी त्याला मेण चोळायचे काम लहानपणी तिचे होते.

"पुढचा सगळा हिवाळा मी त्या फळ्या मागत दारोदार फिरलो. खुराड्यातूनही आणल्या, घासून घासून धुतल्या. एक तुकडा मिळालाच नाही, तिथं नवं लाकूड घातलं. ते उजळ दिसतं. रंग देऊन लपवणार होतो. तर ती एक दिवस आली, हात फिरवला आणि म्हणाली, सांधा वाकडा बसलाय."

"एवढंच?"

"आणि म्हणाली, रंग देऊ नका, दिसू दे. पुढच्या रविवारी येऊन गायला लागली." ते फडके पिळत म्हणाले, "हे उद्या सांगितलं तर म्हणतील, ज्याला बाक कळत नाही त्याला लोक काय कळणार. नाही सांगितलं तर त्या पत्राला उत्तर नाही."

मी काय सल्ला देणार? मी त्यांना आमच्या गुरुजींची गोष्ट सांगितली.

श्रावणात आमच्या तांड्यावर तीज असते. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत माती आणि शेणखत घालून गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात. दहाएक दिवसांनी हिरवेगार तुरे वर आले की ते खुडून वडीलधाऱ्यांच्या पागोट्यांत खोवतात. ज्या मुलीचे लग्न ठरलेले, तिची ती शेवटची तीज. एरवी टोपल्या तांड्याच्या नायकाच्या घरी असतात. त्या वर्षी नायकाचे छप्पर गळत होते म्हणून त्या शाळेच्या ओसरीत ठेवल्या. गुरुजींना येऊन दोनच महिने झाले होते. पंधरा ऑगस्टला तालुक्याहून साहेब येणार, म्हणून दोन दिवस आधी त्यांनी ओसरी धुतली आणि शेणामातीच्या त्या टोपल्या मागच्या उकिरड्यावर टाकल्या.

संध्याकाळी मुली गात आल्या आणि रडत गेल्या. माझी थोरली बहीण त्यांत होती. एकीचे लग्न दिवाळीनंतर ठरलेले होते. ती रडलीसुद्धा नाही, ओसरीच्या पायरीवर बसून राहिली.

गुरुजी उघड्या डोक्याने नायकाच्या घरी गेले. सगळा तांडा जमला होता. त्यांना तेव्हा गोरमाटीचे चाळीस-पन्नास शब्द येत असतील. तेवढ्यांत ते म्हणाले, मी कुणाला विचारलं नाही, चूक माझी. नायकांनी चिलीम बाजूला ठेवली. मग म्हणाले, "उद्या दिवस बुडायच्या आत परत पेरा. उशीर झाला तर झाला." गुरुजींनी वारुळाची माती स्वतःच्या डोक्यावरून वाहून आणली. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली त्या टोपल्या होत्या. साहेबांनी विचारले, "हे काय?" गुरुजी म्हणाले, "शाळेचं पीक, साहेब."

पाळक लक्ष देऊन ऐकत होते. "मग तुझे गुरुजी बदली करून गेले?"

"नाही. सोळा वर्षं राहिले."

त्यांनी उठून बादली उचलली. "तुझ्या गुरुजींनी निदान वार्तापत्र तरी काढलं नव्हतं."

मी हसलो. पण त्या गोष्टीतला एक भाग मी त्यांना सांगितला नव्हता. तो मी आजवर कोणालाच सांगितलेला नव्हता.

रविवारी ओमा मला घेऊन गेली. "बटाट्याचं सॅलड उचलायला माणूस हवा," असे कारण दिले. उपासना संपल्यावर सगळे तिथेच खुर्च्यांवर बसून राहिले. पाळक उभे राहिले आणि पहिल्यांदा त्यांनी तेच दोन फोटो पडद्यावर दाखवले.

"या फोटोत जी मोकळी जागा दिसते ती मी केली. या दुसऱ्या फोटोतलं बाक मीच तोडलं होतं आणि मीच परत जोडलं. मी तुम्हाला नूतनीकरण असं लिहून कळवलं. ते खरं नव्हतं."

मग जिन्यावर मला सांगितले तसे सगळे सांगितले, खुराड्यासकट. कोणी हसले नाही. वहिनी पहिल्या रांगेत हात जुळवून बसल्या होत्या. मुलगी बापाकडे टक लावून बघत होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत असावे.

इंजिनिअर गृहस्थ उठले. "म्हणजे पूर्ण एक वर्ष एका बाकासाठी."

"हो," पाळक म्हणाले. "तोडायला एक दिवस लागला. उरलेलं सगळं जोडायला."

"आणि त्यामुळे माणसं किती वाढली?"

"वाढली नाहीत. जी चार गेली होती ती परत आली."

इंजिनिअरांनी मान हलवली आणि वहीत काही तरी लिहिले. आता संपले, असे मला वाटले. तेवढ्यात माझ्या शेजारी ओमा उठून उभी राहिली. अहवालाच्या वेळी ती कधी बोलत नाही, असे मला नंतर कळले.

"तू," ती इंजिनिअरांकडे बोट करून अस्सल श्वाबिश बोलीत म्हणाली. "तिसरी रांग, हीटरशेजारची खुर्ची. मागच्या नाताळात तिथं एक पाहुणा बसला, तर तू अख्खी उपासना भिंतीला टेकून उभा राहिलास. विचारलं तर म्हणालास पाय दुखतात. पाय दुखणारा माणूस उभा राहतो का रे?"

आता मात्र हशा उठला. इंजिनिअरांचा चेहरा लाल झाला.

"आणि ती खुर्ची प्लॅस्टिकची आहे," ओमा म्हणाली. "ती तुझ्या आजोबांनी केलेली नाही." आणि खाली बसली.

इंजिनिअरांनी पेनाला टोपण लावले. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे बरोबर. वही मिटून ते बसले, तिसऱ्या रांगेत, हीटरशेजारी. माझे लक्ष ओमाकडे होते. तिने पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मुलाला थेट विमानापासून लांब पाठवायला आपण आत्ता हातभार लावला, हे त्या हॉलमध्ये तिला माहीत होते आणि मला माहीत होते.

निर्णय बुधवारी आला. फोन येईल अशी अपेक्षा होती, पण इंजिनिअर स्वतः आले. बूट काढून स्वयंपाकघरात बसले. वहिनींनी वेल्सची रीत म्हणून चहात मनुका भिजवून केलेला गोड पाव पुढे ठेवला. त्यांनी दोन तुकडे खाल्ले, मग म्हणाले, "आणखी तीन वर्षं. पाचपैकी चार मतं." आणि सगळे आपल्याकडे बघत आहेत हे पाहून म्हणाले, "पाचवा मी नव्हे." जाताना त्यांनी पिशवीतून लाकडाला चोळायच्या मेणाचा डबा काढून टेबलावर ठेवला. "नव्या तुकड्याला लावा. रंग चढत नाही याने."

त्यानंतर वार्तापत्र लिहायला पाळक बसले की वहिनी पाठीमागून वाचत आणि विचारत, "आणि काय मोडलं?"

एप्रिलच्या शेवटी ते गेले. सकाळी स्टेशनवर सोडून ओमा आणि मी परत आलो. वहिनींनी उरलेला पाव फडक्यात गुंडाळून ठेवला होता. ओमा म्हणाली, "हा आता कोण खाणार," आणि मला मोठा तुकडा कापून दिला. दुपारी माझ्या दारावर केरवोखेची पाटी दिसली.

"ओमा, मागच्याच आठवड्यात माझा होता."

"मधे त्यांचा असायचा. आता दोघंच आहोत," ती म्हणाली. "पाळी लवकर येते."

मी जिना पुसला. मधल्या पायरीवर, जिथे पाळक बसले होते, तिथे जरा वेळ बसलो. आपली चूक सांगून त्यांना काय मिळेल हे त्यांना माहीत नव्हते. चॅपेलच हातचे जाईल, हीच शक्यता जास्त होती. मला तर माझी गोष्ट सांगून काहीच गमवायचे नव्हते, तरी मी इतकी वर्षे गप्प होतो. वर जाऊन मी गुरुजींना पत्र लिहायला घेतले, ते पुरे व्हायला आठवडा लागला. ते असे होते.

गुरुजी,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंनी लिहिलेले पोस्टकार्ड मिळाले.

ओमाच्या मुलाबद्दल मी मागच्या पत्रात लिहिले होते. त्यांना पुन्हा वेल्सला पाठवायचे ठरले. ते कसे ठरले ते भेटल्यावर सांगेन. त्यांना मी तुमच्या टोपल्यांची गोष्ट सांगितली, पण पूर्ण सांगितली नाही. ती आज तुम्हाला पूर्ण सांगतो. तुम्हाला ती माहीत आहे, तरी मला माझ्या तोंडून सांगायची आहे.

त्या दिवशी सकाळी ओसरीत मीच होतो. तुम्ही झाडू हातात घेऊन टोपल्यांकडे बोट दाखवून मला विचारले होते, "हे कुणाचं?" तेवढी मराठी मला येत होती. तिसरी टोपली माझ्या बहिणीची होती, त्यात मी स्वतः पाणी घातले होते. पण तुम्ही पांढरा सदरा घातला होता, आणि शेणाचा वास येत होता. आम्ही घाणेरडे आहोत असे तुम्हाला वाटू नये म्हणून मी म्हणालो, "कुणाचंच नाही."

संध्याकाळी नायकांच्या घरी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की मी कुणाला विचारले नाही. तुम्ही विचारले होते, गुरुजी. मी बाच्या मांडीवर बसलो होतो आणि तुम्ही बोलताना एकदा माझ्याकडे पाहिलेत. नंतर सोळा वर्षे तांड्यावर राहिलात, मला खोलीत ठेवलेत, भाकरी करून घातलीत, तालुक्याच्या वसतिगृहात नाव घालायला स्वतः आलात, पण त्याबद्दल एका शब्दाने बोलला नाहीत. माझ्यासाठी तुम्ही जे जे केले त्यात मला सर्वांत जड हेच वाटते.

रविवारी बहिणीला फोन करून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "लाज कसली वाटली रे तुला? आमची?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग हे तिजेला येऊन सगळ्यांसमोर सांग. फोनवर नको." तिचे बरोबर आहे.

म्हणून यंदा श्रावणात मी येतो आहे. रजा मंजूर झाली आहे. जुने नायक आता नाहीत, त्यांचा मुलगा नायक आहे. त्याच्या घरी, टोपल्यांसमोर, मी हे सांगणार आहे. जिची ती शेवटची तीज होती तिलाही बहीण सासरहून बोलावणार आहे. तुम्ही चूक आपल्या अंगावर घेतलीत तेव्हा मी तिथे होतो. मी ती परत घेईन तेव्हा तुम्ही तिथे असावे, एवढीच इच्छा आहे. ऐकू कमी येते म्हणून येण्याचे टाळू नका. मी गोरमाटीत बोलेन, मोठ्याने बोलेन, आणि तुमच्या शेजारी उभा राहून बोलेन.

साताऱ्याहून गाडीत बसलात की काकूंना मला कळवायला सांगा. मी बीडच्या स्टँडवर उभा असेन.

तुमचा विद्यार्थी